मुके काका

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मैत्रिणीजवळ नाही, डायरीत नाही, देवासमोरही नाही. देवासमोर उभी राहिले की मी भराभर दुसरंच काहीतरी मागत सुटते. आज तुम्हाला सांगायचं ठरवून बसले, तर तासभर झाला — दोनदा चहा केला, टेबल पुसलं, पंख्यावरची धूळसुद्धा काढली. वर्षभर हात लावला नव्हता हो त्या पंख्याला!

तर — कुठून सुरू करू? कामापासून करते, ते सोपं आहे.

मी तेव्हा भेस्तानला एका भरतकामाच्या खात्यात नोकरीला होते. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. साडीवर मशीन जी फुलं-वेली भरतं, त्यांची डिझाईनं कॉम्प्युटरवर काढायचं माझं काम. दुपारी दोनला बसायचं ते दिवेलागण होऊन गेली तरी मान वर करायची नाही. आणि सकाळी पर्वत पाटियाला अॅनिमेशनचा क्लास, साड्यांच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर. कॅरेक्टर अॅनिमेशन, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या बाहुल्याला चालवायचं, हसवायचं, रुसवायचं. लहानपणापासून मला दुसरं काही नकोच होतं.

क्लासमधली बहुतेक मुलं कापड मार्केटमधल्या व्यापाऱ्यांची. पहिल्याच दिवशी हेतल नावाच्या मुलीने विचारलं, पप्पा काय करतात? मी म्हटलं, ‘टेक्स्टाईलमां छे’, कापडाच्या धंद्यात आहेत. आता हे खोटं आहे का? मुळीच नाही. सुरतेत हे वाक्य शेठही म्हणतो आणि त्याचं लूम, म्हणजे माग, चालवणाराही म्हणतो. फक्त ऐकणाऱ्याला त्यात शेठच दिसतो. ते मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तसं म्हटलं.

आबा, म्हणजे माझे वडील, लूम चालवायचे. अठ्ठावीस वर्षं. खानदेशातून आले ते थेट लूमच्या खात्यातच. आई मी शाळेत असतानाच गेली. मग आम्ही दोघंच, एका खोलीत. लूमच्या खात्यात कधी गेलायत? आत पाऊल टाकलं की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं तोंडाने बोलायच्या फंदातच पडत नाहीत. हातांनी बोलतात आणि समोरच्याचे ओठ वाचतात. दोन बोटं झटक्यात दूर केली की धागा तुटला. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला. तळहातावरून तळहात सावकाश फिरवून वर उचलला की माल पास, कापडात एक डाग नाही. आबा तर पार त्या भिंतीजवळच्या माणसाचे ओठ वाचायचे. कुणाच्या लग्नाला गेलो की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाला नावं ठेवतंय ते मला इथं बसल्या बसल्या सांगायचे, आणि आम्ही दोघं ताटात तोंड घालून हसायचो. किती हसायचो!

क्लासमध्ये मात्र माझं रडगाणं चाललेलं. माझा बाहुला चालायचा तो लाकडाच्या ओंडक्यासारखा. सर म्हणायचे, हा हात हलवतो, पण विचार करत नाही. माणसाचा विचार आधी डोळ्यांत येतो, मग मानेत उतरतो, हात सगळ्यात शेवटी हलतो. हे त्यांनी किती वेळा सांगितलं असेल! माझ्या टाळक्यात शिरत नव्हतं.

मग एक काम मिळालं. बाहुल्याने एक शब्द न बोलता काहीतरी सांगायचं. आधी खऱ्या माणसाला मोबाईलवर शूट करायचं आणि ते बघत बघत बाहुला हलवायचा. मी आरशासमोर स्वतः करून पाहिलं. डोंबल जमतंय! आबा चहा पीत बघत होते. म्हणाले, “काय करी राह्यनी व माय?” मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बसल्या जागी करून दाखवलं — धागा तुटलाय, शेठ येतोय, तू लूम बंद कर, मी त्याला बोलण्यात गुंतवतो. आधी डोळे. मग मान. मग हात. अगं बाई, मी थक्क! सर दोन महिने घसा फोडून जे सांगत होते, ते माझ्या घरात चहा पीत बसलं होतं.

सुट्टीच्या दिवशी शूट केलं. आबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पोट दिसतं म्हणून मला स्टुलावर उभं राहून शूट करायला लावलं. एका जागी हात चुकला म्हणून स्वतःच सहा वेळा पुन्हा केलं. खरं सांगू? इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांच्या कामातलं काही मुलीच्या उपयोगी पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार.

क्लासमध्ये सरांनी पडद्यावर एका बाजूला आबांचा व्हिडिओ लावला, दुसऱ्या बाजूला माझा बाहुला. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पहिल्यांदाच. आणि हेतलने विचारलं, हे काका कोण?

मी म्हटलं, आमच्या गल्लीतले आहेत. मुके आहेत.

का म्हटलं? विचारा, मीही विचारते. वडील म्हटलं असतं तर मग ‘टेक्स्टाईल’ कुठलं, हे निघालं असतं. आणि ते बोलतात की नाही, ह्या खुणा कसल्या, असं कुणी विचारायच्या आत मी ते ‘मुके’ जोडून दिलं, आपणहून. त्याने तर माझी किंमत आणखीच वाढली. सर म्हणाले, बघा, हिचं निरीक्षण बघा, गल्लीतल्या मुक्या माणसाकडे कोण एवढं लक्ष देतं! मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजले.

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. माणूस खोटं बोलतो, विसरतो.

वर्षअखेरीला क्लासचा कार्यक्रम ठरला. हॉल, पडदा, सगळ्यांचे पालक. सर माझ्या मागे लागले, त्या काकांना आण, शाल देऊ. मी सांगितलं, ते गावाला गेलेत. घरी तर कार्यक्रमाचा ‘का’सुद्धा काढला नाही. पण प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा नंबर आबांचाच होता. आमंत्रण सगळ्या पालकांच्या मोबाईलवर गेलं. आबांनी ते खात्यातल्या कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला काही बोलले नाहीत. मुलीला चकित करायचं होतं त्यांना.

तर मी हॉलच्या स्टेजपाशी उभी, शेजारी सर आणि हेतल. गाणी दणदणत होती, बोलताना कानाला तोंड लावावं लागत होतं. आणि पार मागे दारात आबा उभे. तोच शर्ट. खात्यातून हात धुऊन आले असणार, पण नखांतलं काळं तेल काही निघत नाही. त्यांनी मला बघितलं आणि हात वर केला. सगळं तोंड हसत होतं.

हेतल ओरडली, अरे, तुझे मुके काका आले! सर वळले. मला म्हणाले, “यही हैं ना वो?” मी म्हटलं, हो सर, तेच, मुके काका. सरांनी आणखी एक विचारलं. मी त्याचंही उत्तर दिलं.

ते काय ते सांगते. थोडं थांबा.

आबांची नजर माझ्या तोंडावर होती. मला माहीत होतं ना — मला नाही तर कुणाला माहीत असणार? आणि मला दिसलं. आधी डोळे बदलले. मग मान किंचित खाली आली. मग वर केलेला हात, सगळ्यात शेवटी.

सर हात जोडत त्यांच्याकडे गेले, मोठमोठ्या खुणा करत. मी मागे मागे. मला वाटलं, आता आबा बोलणार, आता संपलं सगळं. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन बोटं ओठांवर ठेवली, मान हलवली आणि हात जोडले. मुके झाले ते! दीड तास मुके राहिले. शाल घेतली मुक्याने, फोटो काढले मुक्याने, कुणीतरी नाव विचारलं तर नुसते हसले. पडद्यावर त्यांचा व्हिडिओ लागला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. सरांनी माझ्याकडे बोट करून खुणेनं विचारलं, ही मुलगी कशी? आबांनी तळहातावरून तळहात फिरवला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि वर उचलला. लोकांना वाटलं, आशीर्वाद दिला. त्या हॉलमध्ये त्याचा अर्थ फक्त मला कळत होता.

आणि मग मी त्यांच्याबरोबर घरी तरी गेले का? छे! मी मैत्रिणींबरोबर जेवायला थांबले. आबा शाल घडी करून पिशवीत घालून एकटे बसस्टॉपकडे गेले. मी खिडकीतून बघितलं. मी घरी पोचले तेव्हा शाल पेटीत गेली होती आणि आबा म्हणाले, “जेवनी का?” बस. त्याच्यावर एक अक्षर नाही. तेव्हा नाही, नंतर कधीच नाही. मात्र मी पुन्हा कधी शूटसाठी त्यांना बोलावलं नाही आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते दूरच्या माणसांचे ओठ वाचेनासे झाले. म्हणायचे, आता दिसत नाही गं तितकं. त्यांना लांबचं अगदी स्वच्छ दिसतं, आजही.

त्या व्हिडिओवरच मला पहिलं अॅनिमेशनचं काम मिळालं. आता मी कामरेजला एका खोलीत एकटी राहते, घरूनच काम करते. माझे ससे, हत्ती, म्हाताऱ्या — सगळे आबांच्या हातांनी बोलतात. लोक म्हणतात, किती जिवंत! दिवसभर माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही. बोलायचं कुणाशी? समोर पडदा, मागे भिंत, खाली हायवेवरचे ट्रक. कधी कधी भाजीवाल्याशी बोलताना माझाच आवाज मला परका वाटतो.

आबा गावी असतात, चुलतभावाकडे. लूमने त्यांचे कान पुरते नेले. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून रोज रात्री व्हिडिओ कॉल. मी बोलते, ते ओठ वाचतात. म्हणजे हे त्यांना सांगायचं तर तेच तोंड त्यांच्यासमोर धरून सांगायला हवं. एकदाच प्रयत्न केला. ‘आबा, त्या दिवशी हॉलमध्ये’ इतकं म्हटलं, आणि आबांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. बघतच राहिले. त्यांनी बघितलं नाही म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही, माझं बोलणं तिथंच संपलं. मग वळले आणि जेवलीस का म्हणून खूण केली. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

आता ते राहिलेलं. मुके म्हटलं, हे खोटं आहेच, पण इतकी वर्षं माझ्या घशात अडकलंय ते हे नाही. मी आतापर्यंत तुमच्याशीही आडूनआडूनच बोलले.

हॉलमध्ये सरांनी विचारलं होतं, “रिश्ते में क्या लगते हैं तुम्हारे?” आबा दारात, हात वर, हसत. मी तोंड दुसरीकडे वळवू शकले असते. ओठांवर हात धरू शकले असते. एवढी अक्कल मला होती. गाण्यांचा आवाज मोठा होता, सरांना नीट कळावं म्हणून मी सावकाश, स्पष्ट म्हटलं —

“कुछ नहीं लगते, सर.”

हे मी म्हटलं आणि माझ्या वडिलांनी ते वाचलं.