हॅटमध्ये भरलेली ओटी

कुणाच्याही दारात रिकाम्या हाताने उभं राहणं हा माझ्या बायकोच्या मावशींच्या मते जगातला एकमेव अक्षम्य गुन्हा आहे. बाकीचे गुन्हे त्या चहाबरोबर माफ करतात. अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांनी या नियमाला अपवाद केलेला नाही. दातांच्या डॉक्टरकडे त्या बेसनाचे लाडू नेतात. पार्सल टाकून पळणाऱ्या माणसाला हाक मारून त्याच्या हातावर चकली ठेवतात. हायवेवर पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा खिडकीतून लायसन्सच्या आधी शंकरपाळ्यांचा डबा बाहेर आला. "आई, प्लीज, ब्राइब वाटेल हे!" मुलगा कळवळला. "लाच गुपचूप देतात रे. मी सगळ्यांदेखत देतेय."

नियमाची दुसरी बाजू आणखी कडक : आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. तिथेच मी अडकलो होतो. माझी बायको नीता आजारी असताना मावशींनी तिला स्टीलच्या डब्यातून मेतकूट पाठवलं होतं. नीता गेली, डबा ओट्यावर राहिला. मी ब्रेड खाऊन, पुस्तकं वाचून वर्ष काढलं. गॅस पेटवावासा वाटेना आणि रिकामा डबा घेऊन मावशींकडे जाववेना. "डबा कधी आणताय, जावईबापू?" त्या फोनवर विचारत. त्यांना डबा नको होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी उन्हाळ्यात त्यांनीच हुकूम सोडला. कोलोरॅडोतलं, उंच डोंगरांमधलं एक संरक्षित खोरं नीताला बघायचं होतं, तिथे जायचं. "आणि डबा बरोबर घ्या."

खोऱ्यात अजून बर्फाचे पट्टे होते, आणि त्यांना अगदी खेटून निळी-पिवळी फुलं. नीताने इथे तासभर तरी बोलणं सोडलं असतं. मावशींनी मात्र नदीकाठी बसून पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले. नदीची ओटी भरायची होती. तेवढ्यात रुंद हॅट घातलेली एक तरुण रेंजर आली आणि नम्रपणे म्हणाली, इथे काही ठेवता येणार नाही, तांदळाचा दाणासुद्धा नाही, आणि इथलं काही नेताही येणार नाही.

मी ते मराठीत सांगितलं. मावशींचा चेहरा पडला. नीताच्या वतीने आलेल्या त्या, आणि रिकाम्या हाताने! "तिला विचारा, हे घर कुणाचं?"

मी विचारलं. रेंजर हसली. तिच्या आजीचे पूर्वज उन्हाळ्यात इथे राहायला येत, म्हणाली.

"मग नदीला कशाला? माहेरची लेक समोर उभी आहे की!"

युनिफॉर्मला पदर नव्हता. मी शक्य तेवढं समजावलं. क्षणभर विचार करून तिने हॅट काढली आणि उलटी धरली. मावशींनी खण, नारळ, तांदूळ घातले, तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. मग रीतीप्रमाणे थोडे दाणे परत द्यायला खुणावलं. रेंजरने ते काळजीपूर्वक वेचून दिले. एकही खाली पडू दिला नाही.

मावशींनी ते माझ्या डब्यात टाकले. "इथले नाहीत, आपलेच आहेत. भातात घाला. मऊ करा, तिला आवडायचा तसा."

घरी येऊन मी गॅस पेटवला. भात तळाला लागला. तसाच डब्यात भरून मावशींकडे नेला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "करपवलात," म्हणाल्या, आणि डोळे पुसत पानं घेतली.

निघताना डबा पुन्हा माझ्या हातात होता, मेतकुटाने भरलेला. म्हणजे आता मला परत जायलाच हवं.