माळावरचं भुरं जनावर

मी लांडग्यांच्या विष्ठा गोळा करत असे. विष्ठेला आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. त्यांतून डीएनए काढला की जनावर न बघताही ते कोण, नर की मादी, कुणाचं पिल्लू, हे कळतं. कर्जतकडचं माळरान माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी मामांच्या वस्तीवरच राहिले. पुण्याला एवढं शिकून भाची माळावर गू वेचत फिरते, याचं मामींना वाईट वाटायचं. मामांना नुसतं हसू यायचं.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी मी ओट्यावर बसून कुप्यांना चिठ्ठ्या लावत होते, मामी भांडी घासत होत्या. एकदम त्यांचा हात थांबला. शेळ्यांच्या कुडापलीकडे एक जनावर उभं होतं. उंची लांडग्याची, पायही तसेच लांब. पण रंग फिकट भुरा, आणि शेपूट वर वळलेलं. लांडगा शेपूट खाली सोडून चालतो.

मामी "हाड, हाड" करून ओरडल्या, हातातली पळी फेकली. ते हललं नाही. निंबाखाली आमचं कुत्रं पडलं होतं. त्यानं मान उचलून तिकडं पाहिलं, शेपटी हलवली आणि पुन्हा मान टेकली.

"भुकला कसा न्हाई गं ह्यो?" मामी हळूच म्हणाल्या.

जनावर मग आपणहून वळलं आणि सावकाश बांधाच्या कडेनं गेलं. तिथं त्यानं टाकलेली विष्ठा मी कुपीत घेतली. परत आल्यावर काय वाटलं कोण जाणे, आमच्या कुत्र्याच्या गालात आतून कापसाचा बोळा फिरवून तोही घेतला.

"त्याची कशाला झडती?" मामा हसले.

"मामा, हा कधी घर सोडून गेला होता का?"

"गेल्ता की. गेल्या साली ह्याच दिसांत. आमी म्हनलं, खाल्लं लांडग्यांनी. मंग आला परत, पार वाळून."

मी पुण्याला गेले. तिकडं नमुन्यांचं काम चालू असतानाच मामांचा फोन आला. भर दुपारी भुऱ्यानं कुडातून दोन करडं उचलली होती. मामी दारातच बसल्या होत्या, आणि कुत्रं निंबाखाली.

त्याच आठवड्यात उत्तर आलं. भुरं जनावर अर्धं लांडगा होतं, अर्धं कुत्रा. आई माळावरची लांडगीण, आणि बाप आमचाच. खात्री पटेना म्हणून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं.

फोनवर सांगितलं तेव्हा मामांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजी घरचंच हाय म्हना की."

त्यांनी कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन नसबंदीची शस्त्रक्रिया करून आणली. मला वाटलं, निदान इथवर तरी आवरलं. पण उरलेल्या कुप्यांतून आणखी अशीच अर्धी जनावरं निघत गेली, आणि त्यांचा बाप आमचा कुत्रा नव्हता. माळाच्या कडेला इतक्या वस्त्या, प्रत्येक वस्तीवर कुत्री. निव्वळ लांडग्याचे नमुने फारच थोडे निघाले.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी पुन्हा वस्तीवर गेले. मामींनी अंगणातली बाज आत घेतली होती. नातीला शाळेत सोडायला त्या स्वतः काठी घेऊन जात. लांडगा माणसाची चाहूल लागली की नजरेआड होतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक. ही जनावरं तशी नव्हती.

दुपारी मामा मला बांधावर घेऊन गेले. कापलेल्या ज्वारीच्या रानात तीन जनावरं बसली होती, तोंडं वस्तीकडं करून. भुरं मधोमध होतं.

"आता ह्यास्नी काय म्हनायचं, लांडगं का कुत्री?" मामांनी विचारलं.

मी जोरात टाळ्या वाजवल्या. बाकीची दोन जागची हलली नाहीत. भुरं उठलं, अंग झटकलं आणि आमच्या दिशेनं चालू लागलं.