मधाची बिअर आणि भाऊंचे फटाके

भाऊ बादलीच्या झाकणाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि बोटाने आपल्याला जवळ बोलवायचे. "ऐका. जेवतायत."

जेवत असायचं ते यीस्ट, आणि बादलीत शिजत असायची बिअर. दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत, अर्थातच गुपचूप. अबुधाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला हा फोरमन जव भिजवून, मटकीसारखे फडक्यात बांधून मोड आणायचा. बेडरूमचा एसी बादलीला, स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली. वहिनी म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणातसुद्धा एवढं केलं नाही यांनी."

तुमच्यापैकी ज्यांनी ती प्यायली, त्यांनी पहिल्या घोटाला हेच विचारलं असेल, "भाऊ, मध कुठाय?" गोड लागायचीच नाही.

"गोडवा ते खाऊन टाकतात," भाऊ खुशीत सांगायचे. "आपल्याला वास ठेवतात. तो पुरता आला पाहिजे, इन्शाल्ला."

जवाच्या उकळत्या रसात मधाचा वास उडतो, म्हणून ते बुडबुडे मंदावल्यावर मध घालायचे. तरी हवा तसा वास काही येईना.

मग भाऊ कायमचे देवगडला निघाले. निरोपाच्या जेवणासाठी शेवटची बादली लागली. बाटल्या भरताना त्यांना फोन आला, ते गॅलरीत गेले. मी चव घेतली. कोरडी! पाहुण्यांना काय वाटेल? चहात साखर घालावी तसा मी प्रत्येक बाटलीत चांगला चमचाभर मध घातला, बुचं लावली आणि गप्प बसलो.

त्याच आठवड्यात एका दुपारी कपाटात बाटल्या धडाधड फुटल्या. बिअर दाराखालून जिन्यात आली. वॉचमन धावत वर आला. "साब, क्या फटा?"

"सिरका," भाऊ म्हणाले. व्हिनेगर फुटल्याची थाप मारून त्यांनी भराभर फरशी पुसली. तक्रार झाली असती तर देवगडऐवजी पोलीस स्टेशन होतं. सगळे म्हणाले, म्हातारपणी भाऊंचा अंदाज चुकला. आजही इमारतीत 'भाऊंचे फटाके' म्हणून हसतात.

ते फटाके माझे होते. बंद बाटलीत यीस्ट माझा मध जेवलं आणि त्याचा गॅस झाला.

एक बाटली वाचली होती. आम्ही दोघांनी ती बाथरूममध्ये, टॉवेलात गुंडाळून उघडली. फवारा थेट छताला! तळाचा घोट वाटून घेतला आणि भाऊ भिजलेल्या लुंगीत नाचायलाच लागले. "वास! अहो, आला की वास!"

मग थांबले. बाटली पुन्हा हुंगली. माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहत राहिलो.

"खलास, झालं ते झालं," ते हळूच म्हणाले. "पुढच्या वेळी अर्धा चमचा."

बाहेर जाऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. गेल्या वर्षी भाऊ देवगडला वारले.

बादली आता माझ्याकडे आहे. एसी तिला, मी हॉलमध्ये. मध अर्धाच चमचा. तरी एखादी फुटलीच, तर माझ्या नावाने फुटू दे.