पुसलेली बेंबी

आमच्या समोरच्या वहिनी कामवाली यायच्या आधी सगळी भांडी स्वतःच विसळून ठेवतात. "तिले खरकटं कसं दाखवू वं?" हे वर मलाच विचारतात.

पाळी आली की त्यांच्या बेंबीतली काळपट गाठ फुगते, तिच्यातून रक्त येतं आणि परकराची नाडीसुद्धा सहन होत नाही. वर्षानुवर्षं हे चाललंय. पण डॉक्टरकडे जायचं ते पाळी संपल्यावर, न्हाऊन, बेंबीला खोबरेल लावून. 'त्या दिवसांत' कुणाला पोट दाखवणं त्यांच्या कल्पनेतच बसत नाही. डॉक्टर बिचारे कोरडी बेंबी बघून मलम देतात. फ्रिजच्या दारात नुसत्या ट्यूबा, आणि वहिनींचं सुरूच, "काहून बरं होत नाही वं?"

शेवटी मागच्या पाळीत मी त्यांना गाडीवर बसवून धंतोलीत एका डॉक्टरबाईंकडे नेलं. नंबर यायच्या आधी त्या बाथरूमला जाऊन आल्या. अंगाला पावडरचा वास.

"पुसली?"

"मंग? तशीच घाण दाखवू का?"

मी कपाळावर हात मारला.

डॉक्टरबाईंनी गाठ हलकेच दाबली. पावडरीतून रक्ताचा थेंब वर आला. "पाळी सुरू आहे का?" त्यांनी लगेच विचारलं. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर कधी कधी बेंबीतही वाढतं आणि पाळीत तिथूनही रक्त येतं, तपासून खात्री करू, असं त्या समजावू लागल्या.

वहिनींचं लक्षच नव्हतं. "माफ करा जी," म्हणत त्या पदराने डॉक्टरबाईंचा हातमोजा पुसत होत्या.