पाच मिलिसेकंदांची ओळ

हे मी आजवर कुणाशीही बोललेली नाही. नवऱ्याशीही नाही, आणि त्याला तर मी बारीकसारीक सगळं सांगते. गंमत अशी, की ही गोष्ट कुलूपबंद वगैरे नाहीच. माझ्या नावासकट, तारखेसकट, जगातल्या कुणालाही वाचता येईल अशा जागी ती पडून आहे. फक्त कुणी अजून तिकडे बघितलेलं नाही. मग तिला लपवलेली म्हणायचं का? मी म्हणते. कुणी बघू नये असं मला वाटत होतं, तेवढं पुरे आहे.

आधी थोडं कामाचं सांगते. कंटाळू नका, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

प्रोग्रॅमिंगची एक भाषा आहे. तिच्यासोबत रोज लागणाऱ्या गोष्टींचा एक तयार साठा मिळतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. ही भाषा कुठल्या एका कंपनीची नाही. ठिकठिकाणचे लोक मिळून ती सांभाळतात, काही पगारी, बरेचसे हौशी. मी पगारी. बेळ्ळंदूरच्या माझ्या कंपनीने आठवड्यातले दोन दिवस मला त्यासाठी दिले होते, आणि माझ्या वाट्याला आले होते थ्रेड. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी जी अनेक कामं, ते थ्रेड. ती एकमेकांच्या पायात येऊ नयेत, एकाने झोपून वाट बघावी आणि वेळ आली की दुसऱ्याने त्याला उठवावं — या झोपण्याउठवण्याची सोय करणारे कोडचे तुकडे माझ्याकडे असत.

असा तुकडा नवा असला की तो कच्चा मानतात. वापरा, पण उद्या बदलेल, असं बजावून देतात. वर्ष-दोन वर्षांनी तो पक्का करायचा. एकदा पक्का झाला की लोक डोळे मिटून त्याच्या भरवशावर आपली कामं उभी करतात. म्हणून पक्कं करण्याआधी दहा दिवस हरकतींसाठी ठेवलेले असतात. त्या दहा दिवसांत कुणीही, अगदी कुणीही, थांबा म्हणू शकतं. आणि एकाने जरी म्हटलं तरी थांबावं लागतं.

आठव्या दिवशी गिरीश म्हणाला.

गिरीश बेळगावचा. माझ्याच शहरात, मारतहळ्ळीत राहायचा, नोकरी दुसऱ्याच कंपनीत, हे काम निव्वळ हौसेचं. तो तुकडा मुळात त्यानेच लिहिला होता. तो नीट पारखून पक्का करून घेणं माझ्याकडे होतं. पहिल्या भेटीत मला मॅडम म्हणाला, दुसऱ्या भेटीपासून अक्का. मी काही त्याच्यापेक्षा फार मोठी नव्हे, दोनच वर्षांनी. पण अक्का म्हणवून घ्यायला मला आवडलं. शनिवारी सकाळी सर्जापूर रोडवरच्या एका दर्शिनी हॉटेलात, उभ्याउभ्याच इडलीवडा खात, आम्ही कोडबद्दल भांडायचो. त्याची बायको त्याला म्हणे, लोक शनिवारी देवळात जातात. त्याची नजर विलक्षण होती. कोड वाचता वाचता मध्येच थांबायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, इथं खटकालंय. का ते त्याला सांगता यायचं नाही. दोन दिवसांनी कळायचं, खरंच तिथे चुकलेलं असायचं. मला हेवा वाटायचा का? वाटायचा. तेही सांगून टाकते.

त्या शनिवारी तो म्हणाला, "अक्का, कायतरी अडकालंय बघ. माझ्या लॅपटॉपवर दोनदा गप्प झालं." आणि काउंटरकडे बोट करून त्याने मला समजावलं. समज, मी टोकन ठेवून हात धुवायला गेलो. तेवढ्यात आतला ओरडला, मसाला डोसा! मी परत येऊन उभा राहिलो. आता तो पुन्हा ओरडत नाही, आणि मी विचारत नाही. "उभाच की मी मग?"

झोपणारा झोपण्याआधीच उठवणाऱ्याने हाक मारली, आणि ती वाया गेली. मग झोपलेल्याला कोण उठवणार? कुणीच नाही. मला ते पहिल्याच वाक्यात कळलं होतं. तरी मी चेहरा शंकेखोर ठेवला आणि म्हणाले, ऑफिसच्या मशीनवर दहा हजार वेळा चालवून बघते.

माझी अडचण काय होती? अडचण नव्हतीच. घाई होती. हा तुकडा पक्का करायचा प्रयत्न याआधी दोनदा फसला होता, आणि एका परिषदेत मी भाषण द्यायचं ठरलं होतं. भाषणाच्या स्लाइडमध्ये तो पक्का झाल्याचं मी आधीच लिहून ठेवलं होतं, हिरव्या अक्षरात. पुढे ढकललं असतं तर काय बिघडलं असतं? एक शब्द बदलायला लागला असता.

सोमवारी जेवायच्या सुट्टीआधी मी टेस्ट चालवली. टेस्ट म्हणजे तुकडा बरोबर वागतो की नाही हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. चार हजारांच्या आसपास ती गप्प झाली. चूक दाखवली नाही, बंदही पडली नाही — नुसती उभी. मी तिच्याकडे बघत डबा संपवला. आत बटाट्याची भाजी होती, हे का लक्षात राहावं कोण जाणे.

मग मी टेस्टमध्ये एक ओळ घातली. हाक मारणाऱ्याने हाक मारण्याआधी पाच मिलिसेकंद थांबावं, एवढीच. म्हणजे हात धुवायला गेलेला माणूस काउंटरपाशी येऊन उभा राहिला, की मगच आतल्याने ओरडायचं. असं केल्यावर चूक होणार कशी? ती होती तिथेच होती, फक्त दिसायची बंद झाली. ओळीशेजारी मी कारण लिहिलं: मशीन हळू असल्यास सोय. दहा हजार वेळा चालवलं. सगळं हिरवं, म्हणजे पास.

त्या हिरव्या स्क्रीनचा फोटो मी गिरीशला पाठवला. टेस्ट नाही, फक्त फोटो. टेस्ट सगळ्यांना दिसेल अशा जागी होती, तो बघू शकत होता. त्याने बघितली नाही, कारण पाठवणारी मी होते. दहा मिनिटांत उत्तर आलं: "सरी अक्का, ठीक आहे. माझंच चुकलं असेल." आणि त्याने हरकत मागे घेतली. तुकडा पक्का झाला.

हे मी केलं. पण एवढ्यावर थांबले असते, तर कदाचित हे लिहायला बसले नसते.

सात-आठ महिन्यांनी परदेशातल्या एका माणसाने कळवलं, की हाच तुकडा वापरणारा त्याचा प्रोग्रॅम दर काही आठवड्यांनी गप्प होतो. स्वतःचीच चूक समजून बिचारा महिनोन्‌महिने शोधत बसला होता. गिरीशने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला कळवलं, सापडलं बघ, संध्याकाळी दुरुस्ती टाकतो. आता तो टेस्टची फाइल उघडणार, आणि ती ओळ त्याला दिसणार. मी दुपारीच माझी ओळ काढून टाकली. एकटी काढली असती तर डोळ्यांत भरली असती. म्हणून सतरा फायलींतल्या किरकोळ मोकळ्या जागा वगैरे नीट करून, त्या गर्दीत ती काढली. नाव दिलं साफसफाई. आमच्या धंद्यात जुनं काही पुसलं जात नाही, प्रत्येक बदल नोंदलेला राहतो. पण साफसफाई कोण वाचतं?

गिरीशची दुरुस्ती चार ओळींची होती. तिच्याखाली त्याने सगळ्यांसाठी लिहिलं, की ही चूक मला वेळेत दिसली होती, मी हरकत घेतली होती आणि स्वतःच मागे घेतली. जिने तपासलं तिने मनापासून तपासलं होतं. दोष माझ्या कच्च्या समजेचा आहे. लोकांनी त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मी त्याखाली एक लाल बदाम टाकला. तो अजून आहे तिथे.

त्याच सुमारास त्याला भाषा सांभाळणाऱ्यांच्या मुख्य गटात घ्यायचं ठरत होतं. निरोप मीच द्यायचा होता, आणि शनिवारी दर्शिनीत दिलाही. तो म्हणाला, "नको अक्का. मला दिसतंय असं वाटतंय, पण तसं नसतंय." मी त्याला थोडा आग्रह केला. शोभेल इतकाच. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात इडली होती, ती गिळेपर्यंत तो दुसऱ्या विषयावर गेला होता — आणि मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर त्याने हौसेचं काम सोडलं. ऑफिसात आता तो इतरांच्या कामांचं वेळापत्रक बघतो. मी मात्र गटात आहे. नव्या लोकांना टेस्ट कशा लिहाव्यात ते शिकवते, आणि चांगलं शिकवते. टेस्टमध्ये थांबायची ओळ दिसली की मी कडक बोलते म्हणे.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याच्या हाताखालच्या एका मुलीने लिहिलेलं थोडंसं कोड त्याने मला पाठवलं होतं. "अक्का, स्वल्प बघ की. मला तिसऱ्या ओळीत खटकालंय. पण माझ्या खटकण्याचं काय खरं नाही, तुला माहीतच आहे."

मी बघितलं. चूक तिसऱ्या ओळीतच होती. मी म्हणाले, बरोबर आहे तुझं.

"तू बघितलंस म्हणजे झालं," तो म्हणाला.

मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.