रंगाचा इसार

बांधकाम विभागाच्या अभियंत्यानं आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना फसवलं. सौदा माझ्या तोंडून झाला होता, म्हणजे फसवलं मलाही. पण मला नुसता राग आला. भोगावं लागलं ते बाईंना.

वडीगोद्रीच्या अलीकडे, हायवेला लागून माझं सळई-सिमेंटचं दुकान आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी तराजू धरला नव्हता. सातवीनंतर शाळा सुटली, जालन्याच्या कारखान्यात सळईच्या मोळ्या उचलल्या, मग एका व्यापाऱ्याच्या गाडीवर राहिलो. कोणता माल किती घासाघीस केल्यावर सुटतो, ते तिथं शिकलो. दुकान टाकल्यापासून गाव मला शेठ म्हणतं, निम्मं मानानं आणि निम्मं टोमण्यानं. माझा आवाज लवकर चढतो हेही गावाला माहीत आहे. नात आमच्याकडेच राहते, तिचा पालक मीच. तिला शाळेत घातलं त्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. हाफिसात जाऊन भांडणारा माणूस पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आमच्या शाळेच्या तीन खोल्या पत्र्याच्या आणि चौथी स्लॅबची. ही चौथी खोली एके काळी गावाची शान होती. अध्यक्ष झाल्यावर एका सकाळी शाळा भरायच्या आधी गेलो, तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, लांब बांबू घेऊन त्या खोलीचं छत ठोकत होत्या. आवाज भरीव आला की पुढं सरकायच्या. पोकळ आला की तिथंच जरा जोरात मारायच्या, आणि सिमेंटचा पापुद्रा खाली पडायचा. तो झाडून बाहेर टाकायचा, मग मुलांना आत घ्यायचं. हे कधीपासून चाललंय, असं मी विचारलं.

"रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "लोक घरून पूजा करून येतात. मी इथं येऊन करते."

मी मान वर करून पाहिलं. जागोजाग सळई उघडी पडली होती. सळई माझा धंदा आहे. गंज धरलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालचं काँक्रीट फोडून खाली ढकलतं. एकदा हे सुरू झालं की आपोआप थांबत नाही. त्या खोलीत पहिली-दुसरीची मुलं बसत होती आणि त्यांत माझी नात होती.

लोक मला म्हणाले, शेठ, तुमचंच दुकान आहे, टाका की एक स्लॅब. सांगायला सोपं आहे. सरकारी इमारतीला मंजुरीशिवाय हातोडी लावता येत नाही. जुना स्लॅब पाडायलाही वरून हुकूम लागतो. आणि दुसरं असं की मी का टाकू? काडीपेटीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत प्रत्येक वस्तूवर हे गाव सरकारला कर भरतं. त्यातला एक स्लॅब मागणं म्हणजे भीक नव्हे.

बाईंचे अर्ज आधीच गेलेले होते. मी म्हणालो, अर्जानं काही होत नाही, समोर बसून बोलायला लागतं. मार्च महिना होता. माझ्या पिकअपमधून आम्ही तालुक्याला निघालो. वाटेत बाईंनी एकच गोष्ट सांगितली.

"शेठ, तिथं आवाज चढवू नका. तुम्ही घरी जाल. मला तिथंच नोकरी करायची आहे."

अभियंता तरुण होता. दोन तालुक्यांचा भार एकट्यावर, डोळे जागरणानं लाल. टेबलावर डबा उघडा होता आणि त्यात भाकरीचा एकच तुकडा मोडलेला. आम्ही बसलो तेवढ्या वेळात त्याला चार माणसं काही ना काही विचारून गेली. मला त्याची कीव आली, ते खोटं सांगत नाही. त्यानं बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की स्लॅबसाठी या वर्षी निधी नाही. रंगरंगोटीचा मात्र आहे, बोलक्या भिंतींचा. तो मार्च संपायच्या आत खर्च झाला नाही तर परत जातो. तुमच्या शाळेला देऊन टाकतो.

मी उठलो. बाजारात भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं, आणि विकणाऱ्याला विकायचंच असेल तर तो परत बसवतो. त्यानं मला बसवलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गरज त्यालाही आहे. मग मी माझ्या पद्धतीनं बोललो. पडणाऱ्या छताला रंग देऊन काय करायचं, असं विचारलं. दुसरं गाव शोधा, म्हणालो. तो हळूहळू खाली आला. शेवटी म्हणाला की आत्ता रंग घ्या, पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तुमच्या खोलीचं नाव पहिलं टाकतो.

मी विचारलं, "म्हणजे रंग हा इसार समजायचा?"

तो हसला. "हां, इसार समजा, शेठ."

त्यानं हात पुढं केला आणि मी तो धरला. बाई दोघांच्या हातांकडे बघत होत्या. आमच्याकडे बैलाच्या बाजारात इसाराची आगाऊ रक्कम दिली-घेतली की सौदा झाला. तिथं कुणी कागद मागत नाही. देणारा फिरला तर त्याचा इसार बुडतो, घेणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. हे त्यालाही माहीत असणार. बोलण्यावरून तोही इकडचाच होता.

घरी बायकोनं विचारलं, काय मिळालं. मी म्हणालो, रंग. आणि स्लॅब? म्हटलं, पुढच्या साली.

"शिंगं रंगवून म्हातारा बैल बाजारात उभा करत्यात," ती म्हणाली. "तुम्ही तर रंगच घेऊन आलात, बैल अजून त्याच्याच दावणीला. लोखंडाचा भाव करता येतो तुम्हाला, सरकारचा न्हाई."

रंगारी चांगला होता, हे मानलं पाहिजे. भिंतींवर पाढे, बाराखडी, मोर. आणि त्या चौथ्या खोलीच्या छताला त्यानं निळं आभाळ दिलं आणि त्यावर सगळी सूर्यमाला काढली. मधोमध सूर्य, दरवाज्याजवळ पृथ्वी, फळ्याच्या बाजूला पिवळी कडी घातलेला शनी. शाळा इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. शेजारच्या गावचे लोक बघायला आले. माझी नात जेवताना मला ग्रह म्हणून दाखवायची आणि चुकलो की ताट माझ्यापासून ओढून घ्यायची.

बाईंनी बांबू सोडला नाही. पण आता मुलं आधीच दारात जमायची आणि बाई ज्या ग्रहाला बांबू लावतील त्याचं नाव ओरडायची. बाई नाव ऐकायच्या आणि आवाजही ऐकायच्या. मुलांना वाटायचं, हा खेळ आहे. पावसाळ्यात गुरूवर तांबूस डाग उतरला, तेव्हा माझी नात घरी येऊन म्हणाली, "आबा, गुरू गंजला."

पुढच्या साली आराखडा निघाला. आमची खोली त्यात नव्हती. आम्ही पुन्हा तालुक्याला गेलो. अभियंत्यानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. शाळेच्या नावापुढं आमची खोली दिसत होती, रंगासकट फोटो, आणि खाली शेरा, दुरुस्त, सुस्थितीत. एकदा खर्च पडला की पुढची काही वर्षं त्या खोलीवर दुसरा खर्च टाकता येत नाही, असं तो म्हणाला. धोकादायक म्हणून पाडायलाही काढता येत नाही. रंग हा खर्चच होता.

मी विचारलं, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

तो पेनचं टोपण काढत आणि लावत राहिला. मग म्हणाला, "शेठ, पैसा परत गेला असता तर जाब मला द्यावा लागला असता. मी तरी काय करायचं होतं?"

याला मी होकार समजतो. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाहेरच्या खोलीतले लोक उठून दारात आले. बाईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. गाडीत बसल्यावर वाटलं होतं, त्या मला बोलतील. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाल्या की सोमवारपासून मुलांना ओसरीत बसवते.

बसवलंही. मग शिक्षण विभागाचे एक अधिकारी भेटीला आले आणि विचारते झाले की एवढी रंगवलेली खोली रिकामी आणि मुलं ओसरीत का? बाईंनी कारण सांगितलं. साहेबांनी वर पाहिलं. आभाळ निळं होतं. मुलांना आत घ्या, म्हणाले, आणि गेले. कागदावर काही दिलं नाही.

त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. दुकानातले सेंट्रिंगचे लोखंडी टेकू गाडीत टाकले आणि गड्यांना घेऊन शाळेत गेलो. पृथ्वीखाली, सूर्याखाली, मंगळाखाली टेकू उभे केले. फळ्याच्या बाजूला लावता आले नाहीत, कारण मग फळा दिसत नव्हता. बाई म्हणाल्या, राहू द्या, तिकडे मी कुणाला बसवत नाही. मुलांमध्ये नियमच झाला होता की शनीखाली दप्तरसुद्धा ठेवायचं नाही. सगळा वर्ग दरवाज्याच्या बाजूला दाटीनं बसायचा आणि बाई मुलांच्या आणि फळ्याच्या मध्ये, मोकळ्या जागेत उभ्या राहून शिकवायच्या. ती मोकळी जागा म्हणजे शनीखालचीच जागा. हे त्यांना समजत नव्हतं असं नाही.

शनी पडला तो परिपाठाच्या वेळी. मुलं अंगणात डोळे मिटून मौनाला उभी होती. आवाज आला, खिडकीतून निळसर धूळ बाहेर आली, आणि रांगेतलं एक पोर म्हणालं, "बाई, शनी पडला." मला फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. तराजू तसाच सोडून निघालो. पोचलो तर बाई रांगेतून फिरत एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. शेवटच्या डोक्यावर हात ठेवून झाला आणि त्या पायरीवर बसल्या. नात माझ्याकडे आली नाही. ती बाईंच्या शेजारी बसली.

खोलीत जाऊन पाहिलं. टेकू जिथं होते तिथलं छत जागेवर होतं. फळ्यापुढं मात्र शनीच्या कड्यांसकट सगळं खाली आलं होतं, आणि वर नुसत्या सळयांची जाळी. बाईंची खुर्ची त्याखाली चेपली होती. गावात लोक म्हणायला लागले, चला, शनी गेला म्हणजे साडेसाती सुटली. मीही तेव्हा हसलो. मला वाटलं, आता तरी स्लॅब मिळेल.

आलं ते वरच्या हाफिसातून बाईंना पत्र. खुलासा सादर करा. छत धोकादायक असल्याचं माहीत असताना विद्यार्थ्यांना आत का बसवलं? माहीत नव्हतं म्हणावं, तर टेकू कशासाठी लावले? आणि ते कुणाच्या परवानगीनं लावले? बाई या वर्षी निवृत्त होत आहेत. खुलासा मान्य होईपर्यंत त्यांचं पेन्शनचं काम थांबलं आहे. नोकरीभर ज्या बाईंनी एक दिवस विनाकारण रजा घेतली नाही, त्या आता मुलं मारायला निघालेल्या बाई म्हणून कागदावर आहेत, आणि पुरावा म्हणून माझे टेकू आहेत.

त्या पत्र घेऊन माझ्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं, ते मी घालवलं. त्यांना पाणी दिलं. म्हणालो, मी लिहितो, त्या अभियंत्यानं काय कबूल केलं होतं ते सगळं लिहितो. साहेबांनी मुलं आत घ्यायला लावली तेही लिहितो. बाईंनी मान हलवली.

"त्याचं लिहू नका, शेठ. त्याचीही दोन लेकरं शाळेत जातात. नोकरी गेली तर त्यांनी कुठं जायचं?"

"मंग तुम्ही कुठं जायचं?" मी विचारलं.

त्यांनी पत्राची घडी केली आणि त्या उठल्या. नंतर त्यांनी खुलासा लिहिला तो एवढाच की छत रोज तपासत होते, मुलं शनीखाली बसत नव्हती, आणि तिथं मी स्वतः उभी राहत होते. आणि वरच्या हाफिसानं तो अपुरा म्हणून परत पाठवला.

आता मुलं समाजमंदिरात बसतात. चौथ्या खोलीला कुलूप आहे. बाई रोज सकाळी तिथपर्यंत जातात, कुलूप ओढून बघतात आणि परत येतात. बांबू दाराशी टेकवलेला आहे.

बाईंनी अभियंत्याचं नाव घेऊ दिलं नाही म्हणून मी इथंही नाव घेतलेलं नाही. ज्याच्यासाठी लिहितोय त्याला ते लागणारही नाही. साहेब, तुमच्या अडचणी मी डोळ्यांनी पाहिल्या, तुमची न खाल्लेली भाकरी पाहिली. पैसा मार्च संपायच्या आत उडवायचा आणि छत तसंच ठेवायचं, हा कायदा तुम्ही केला नाही, हेही मला कळतं. तो ज्यांनी केला त्यांचाही हिशेब आहे. पण हात तुम्ही पुढं केला होता. इसार देणारा फिरला की बाजारात त्याचा इसार बुडतो, तुमचा रंग तसा शनीबरोबर बुडालाच. मला भरपाई नको. त्या कुलपाची किल्ली बाईंकडे आहे. या, माझ्याबरोबर आत उभे राहा, त्या सळयांच्या खाली, जिथं बाई उभ्या राहायच्या. आणि बाईंच्या तोंडावर सांगा, हात धरला तेव्हा हा रंग स्लॅब खाणार आहे, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं. बाईंचा खुलासा देऊन झालाय. आता तुमचा द्या.