टीव्ही, सांडशी आणि नणंदेचा आवाज

चिखलीत आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही आमच्याकडे आला, आणि आला तसा घराचा मालकच होऊन बसला. काळा-पांढरा, पुढून सरकतं शटर. शेजारी स्टॅबिलायझर, तो सारखा घूं घूं करणार. मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला की चित्रावर आडव्या रेघा, आणि बैठकीत बसलेली सारी गल्ली एका सुरात ओरडायची, "वहिनी, मिक्सर बंद!" म्हणजे चटणी माझी, पण वाटायची की नाही हे गल्ली ठरवणार.

खरा ताप आवाजाचा. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. आवाज वाढवता वाढवता एक दिवस बटणच त्यांच्या हातात आलं. आत उरली बारीक लोखंडी काडी. ती बोटांनी फिरेना, म्हणून माझी सांडशी बैठकीत गेली ती टीव्हीवरच राह्यली. मी आपली दुधाचं पातेलं पदरानं उतरवायची.

आणि वारा सुटला की चित्र गेलंच, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग आमचे हे टिनाच्या छपरावर चढून अँटिना फिरवणार आणि माझी धाकटी नणंद खालून सांगणार, "दादा, देवळाकडं फिरव! शाळेकडं नाही, देवळाकडं!" आवाज असा खणखणीत की रस्त्यानं जाणारा सायकलवाला वळून पाहायचा.

त्या आवाजापायीच तिचं लग्न अडलं होतं. आधीचे पाहुणे तोंडावर बोलून गेले, "पोरगी चांगली हाय, पण आवाज लई मोठा." बोलकी पोर, पण तेव्हापासून घरात खालमानेनं वावरायची. लोणारकडचे पाहुणे येणार ठरलं तेव्हा सासूबाईंनी तिला बजावलं, "तोंडातल्या तोंडात बोलजो." ती चुलीपाशी येऊन मला म्हणाली, "वहिनी, हे बी नाही म्हनले, तं मी बोलाचंच सोडू का?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

रविवार होता. पाहुण्यांची एसटी उशिरा आली, ती नेमकी पिक्चरच्या वेळेला. गल्ली आधीच येऊन बसलेली. सासरे टीव्ही बंद करायला उठले, तर मुलाचे वडीलच पुढे सरकून बसले. "काऊन बंद करता? चालू द्या. आमच्या गावात कुठं पाहाले भेटते!"

पाहुणा म्हणतो म्हटल्यावर बंद कसा करणार? निदान आवाज कमी करावा, तर सांडशी जागेवर नाही. "काळी सांडशी पाहुण्यायले कायले दाखवाची," म्हणून सासूबाईंनी ती लपवलेली, आणि कुठे ते त्यांना आठवेना!

पोहे आले, नणंद मान खाली घालून बसली. पडद्यावर ढिशूम ढिशूम. मुलाच्या आईनं विचारलं, "सैपाक काय काय येते वं?" हिचे नुसते ओठ हलले. "काय म्हनली?" पुन्हा ओठच. शेवटी ती बाई माझ्या कानाशी वाकली, "पोरीले बोलता येते ना वो?"

मोठ्यानं बोलली तर आवाज मोठा, हळू बोलली तर मुकी. करावं काय माणसानं!

तेवढ्यात वारा सुटला आणि चित्र गेलं. गल्ली हळहळली. आमचे हे परीटघडीचे कपडे घालून बसलेले, पण सवय ती सवय, तसेच टिनावर चढले. वरून विचारलं, "आता?" नणंदेला तिच्या जागेवरून पडदा दिसेना. मुलगा मात्र टीव्हीसमोरच होता. तोवर त्यानं मान वर केली नव्हती. आता त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि तिला सांगितलं, "नाही आलं."

आणि तिचा आवाज सुटला.

"दादा, नाही आलं! देवळाकडं फिरव!"

"जराशीक आलं," मुलगा म्हणाला.

"जराशीक आलं! अजून!"

"गेलं."

"गेलं दादा! मागं घे, मागं!"

"बस, बस."

"बस्स! हात लावू नको आता!"

चित्र स्वच्छ आलं, पण पाहतंय कोण? सगळे हिच्याकडे बघत होते. हिच्या ध्यानात आलं तसा पदर तोंडात गेला. सासूबाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

आधी मुलाची आई हसली. "म्हंजे बोलता येते तं!"

मुलाचे वडील पडद्याकडे पाठ करून बसले. बायकोकडे हात करून म्हणाले, "आमचं वावर नाल्यापल्याड. जेवाले हाका मारू मारू हिचा घसा बसते. ह्या पोरीची हाक घरूनच पोचंल." मग मुलाकडे वळले, "काय बे, तुह्यं काय?"

मुलानं लाजून मान डोलावली, "हाव."

तोंड गोड करायला मी धावत साखर आणायला गेले, तर साखरेच्या डब्यामागे सांडशी! ती घेऊन टीव्हीकडे निघाले, तेव्हा मुलाच्या वडलांनी मला अडवलं.

"राहू द्या सूनबाई. आता आम्हाले सवय करा लागते!"

सगळी बैठक हसली. सगळ्यांच्या वर, पदराबाहेर, नणंदेचं हसू ऐकू येत होतं.